सातवा तास

फेब्रुवारीतली संध्याकाळ, उणे बावीस.
बस बाहेर खांबापाशी बांधून आलेय,
इंजिनाला उबेची वायर लावून,
गाय दाव्याला बांधावी तशी.
शाळेच्या जेवणघरात अजून दुपारच्या मक्याचा वास.
घडीच्या टेबलापलीकडे मिसेस ट्वेट,
पुढ्यात पिवळे, निळे, गुलाबी कागद
आणि तिसऱ्यांदा तीच सूचना:
पेन्सिलनंच लिहा.

चार वर्षं आडवी, सात तास उभे.
अठ्ठावीस चौकोन.
माझ्या मुलाचं आयुष्य,
म्हणजे अठरापर्यंतचं तरी,
एका पानावर मावतं.
सही मागच्या बाजूला.

"नववीत बीजगणित घेतलं," बाई म्हणतात,
"तर बारावीला कॅल्क्युलस गाठता येतं.
नाही घेतलं तर…"
आणि हात हवेतच राहतो.
तो हात मला कळतो.
एकोणीस वर्षं बस चालवतेय मी.
फाट्यावर डावीकडे वळायचं राहिलं
की पुढे अकरा मैल गाडी फिरवायला जागा नाही,
दोन्ही अंगांना सूर्यफुलांची खुंटं, बर्फात बुडालेली.

माझ्या वेळी असा कागद नव्हता.
मिस्टर ग्रोस होते.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
त्यांना माझा थोरला भाऊ आठवला,
आणि मला टायपिंगला घातलं. झालं.
मिनिटाला साठ शब्द.
अजून बोटांत आहेत,
लाल दिव्याला थांबले की स्टिअरिंगवर वाजतात.
गावात लाल दिवा एकच.

कोल्बी लिहितो. खोडतो. फुंकर मारतो.
विज्ञान. स्पॅनिश.
मग बँड की वेल्डिंग?
ट्रॉम्बोन आवडतो त्याला, ठिणग्याही आवडतात,
आणि दोन्ही सहाव्या तासाला.
मी तोंड उघडायचं नाही असं ठरवून आलेय,
जिभेला कुलूप, किल्ली बसमध्ये.

"आई, तुला काय वाटतं?"

मला वाटतं, तू नीट जेवला नाहीस.
मला वाटतं, ट्रॉम्बोन भाड्याचा आहे,
महिना एकवीस डॉलर.
मला वाटतं, तुझ्या बापाचे हात
जागोजागी पोळलेले होते
आणि चांगले होते.
"तुझं तू बघ," मी म्हणते.
आणि श्वास न घेता,
"पण बीजगणित घे."

बारावीच्या सातव्या तासात
त्यानं लिहिलंय: माहीत नाही.
मिसेस ट्वेट चष्मा वर करतात.
"हे संगणक घेत नाही, बाळा.
तिथे काहीतरी असावं लागतं."
तो बराच वेळ चौकोनाकडे बघतो,
विहिरीत वाकून बघावं तसा,
मग 'स्वाध्याय' लिहितो,
इतकं फिकट की मला ते
दिव्याखाली धरून वाचावं लागतं.

उरतो गुलाबी कागद.
त्यात विषय नाहीत, एकच ओळ आहे:
हायस्कूल ब्रँडलला, सव्वीस मैल,
बस क्रमांक नऊ.
मी चार चालवते.
चारचा रस्ता या शाळेच्या दारात संपतो,
आणि हे मला ठाऊक होतं,
ऑगस्टपासून ठाऊक होतं,
तरी पेन दोनदा झटकावं लागलं.
इथे पेन चालतं.

परतीला बस रिकामी.
बावन्न जागा सोडून तो पहिल्याच बाकावर,
बालवाडीत बसायचा तिथेच,
गुडघे आता समोरच्या पत्र्याला टेकतात.
हीटर घोंघावतो. रस्ता पांढरा.
मी आरसा बोटभर खाली करते.

"नऊ नंबर व्हर्जिलची ना?"
"हो."
"तो रेडिओ लावतो का?"
"लावतो की. पोल्का."
"सगळी सव्वीस मैल?"
"धुकं असलं तर जास्तच."

तो खिडकीच्या काचेवर बोटानं
एक चौकोन काढतो,
आणि मी बघतेय हे लक्षात येताच
बाहीनं पुसून टाकतो.